केट्सबीची पेटी

फेब्रुवारी १७२३. कॅरोलायनातल्या एका जमीनदाराच्या घरी मुक्कामाला असलेला इंग्रज पाहुणा सकाळी उठून तळमजल्यावरच्या खोलीतून बाहेर पडला. काही मिनिटांतच नोकर अंथरूण आवरायला गेला. त्याने पांघरूण बाजूला सारलं, तर बिछान्याच्या बरोबर मधोमध, दोन चादरींच्या आत, वेटोळं घालून रॅटलस्नेक बसलेला. शेपटीचा खुळखुळा वाजवणारा हा अमेरिकेतला जहाल विषारी साप. थंडीचे दिवस होते, तो उबेला आला असणार. रात्रीतला किती वेळ त्याने पाहुण्याशेजारी काढला, हे कोण सांगणार? पाहुण्याने मात्र प्रसंगाची नीट नोंद केली आणि पुढे छापलीही. त्यात घाबरल्याचा शब्द नाही.

हा पाहुणा म्हणजे मार्क केट्सबी. अमेरिकेतले पक्षी, प्राणी, मासे आणि झाडं रंगीत चित्रांसह छापून जगापुढे ठेवणारा पहिला मोठा ग्रंथ त्याच्या नावावर आहे. अमेरिकेतले पक्षी रंगवणाऱ्या ऑड्युबॉनचं नाव आज पक्षीप्रेमींच्या तोंडी असतं, पण केट्सबीने हे काम त्याच्या शंभर वर्षं आधी केलं होतं.

केट्सबीचा जन्म १६८३ चा, इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातला. वडील वकील, घरची थोडीफार जमीन. विद्यापीठाची पदवी नाही, चित्रकलेचं शिक्षणही नाही. झाडाझुडपांची ओढ मात्र लहानपणापासून होती, आणि जॉन रे हा त्या काळातला सर्वांत मोठा निसर्गअभ्यासक त्याच भागात राहत होता. केट्सबीची बहीण एलिझाबेथ हिने डॉ. विल्यम कॉक यांच्याशी लग्न केलं आणि ती व्हर्जिनियाच्या वसाहतीत गेली. २३ एप्रिल १७१२ रोजी हाही तिथे पोहोचला. मेहुणे वसाहतीतलं बडं प्रस्थ असल्यामुळे मोठ्या जमीनदारांची दारं आपोआप उघडली. विल्यम बर्ड यांच्या नदीकाठच्या वाड्यात पाहुणचार झाला, त्यांच्या बागेबद्दल गप्पा झाल्या. जेम्स नदीच्या वरच्या अंगाला डोंगरांकडे एक फेरी झाली, जमैकाची सफरही झाली. बघता बघता सात वर्षं गेली. अधूनमधून वाळवलेल्या फांद्या, बिया, मातीच्या पिंपांत लावलेली रोपं इंग्लंडला रवाना होत. बाकी सगळा वेळ पाहण्यात आणि कौतुक करण्यात गेला. ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने या आळसाबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. ती अनाठायी वाटते. कुठल्या झाडावर कुठला पक्षी कधी येतो, हे घाईत असलेल्या माणसाला कळत नाही.

१७१९ मध्ये तो परतला, तेव्हा त्याने पाठवलेली झाडं आणि नमुने लंडनच्या जाणकारांच्या नजरेत भरलेले होते. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम शेरर्ड आणि रॉयल सोसायटी या शास्त्रसंस्थेतल्या मंडळींनी त्याला पुन्हा अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. दक्षिण कॅरोलायनाचे नवे गव्हर्नर फ्रान्सिस निकल्सन यांनी वर्षाला वीस पौंड देऊ केले, सर हॅन्स स्लोन यांच्यासारख्या धनवंत संग्राहकांनी वर्गणी घातली. ३ मे १७२२ रोजी केट्सबी चार्ल्स टाउनच्या बंदरात उतरला. इकडे पहिल्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रं मिळून दोन वर्षं झाली होती, त्या सुमाराची ही गोष्ट.

चार्ल्स टाउन म्हणजे आजचं चार्ल्सटन. भात, हरणांची कातडी आणि गुलाम या तीन गोष्टींवर त्या गावाचा कारभार चाले. दलदलीत बांध घालून भातखाचरं काढलेली, त्यांत राबणारे हात आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांचे. वसाहतीत गोऱ्यांपेक्षा गुलामांची संख्या जास्त होती. कातडी यायची ती आतल्या प्रदेशातल्या मूलनिवासी शिकाऱ्यांकडून. या तिन्ही समाजांशी केट्सबीचा रोजचा संबंध आला. त्याच्या ग्रंथातली बरीचशी माहिती याच लोकांच्या तोंडून आलेली आहे, आणि पुस्तक आजही वाचावंसं वाटतं ते निम्मंअधिक त्यामुळे.

वर्गणीदारांचा मात्र जाच होता. प्रत्येकाला आपल्या संग्रहासाठी वेगळी खोकी हवी, वेगळ्या बिया हव्या, दारूत बुडवलेले वेगळे साप हवे. केट्सबीने शेरर्डला कळवलं की, सगळ्यांची अशी हौस पुरवणं मला जमणार नाही, आणि चित्रं तर मी वाटून टाकणारच नाही. ती एकत्र ठेवून त्यांचा ग्रंथ करायचा विचार त्याच्या मनात तेव्हाच पक्का झाला होता. उद्या ही चित्रं दहा घरांत विखुरली तर कुणाच्याच कामाची नाहीत, हे त्याने ओळखलं होतं. चारचौघांच्या पैशावर जगणाऱ्या माणसाने हे स्पष्ट सांगायला थोडी हिंमत लागली असेल.

पहिलं वर्ष किनारपट्टीच्या सखल भागात गेलं. नंतर तो सव्हाना नदीच्या काठाने वर फोर्ट मूरकडे गेला. समुद्रापासून दूर, जंगलाच्या तोंडाशी असलेली ही छोटी गढी. पावसाळी पुरात तिथे नदीचं पाणी चाळीस तासांच्या आत एकोणतीस फूट चढल्याची नोंद त्याने केली आहे. पुढच्या रानातल्या वाटा त्याला माहीत नव्हत्या. मग त्याने मूलनिवासी माणसं सोबत घेतली. त्यांच्या पाठीवर एक पेटी असे. तिच्यात कागद, रंग, वाळवलेल्या फांद्या, बियांच्या पुड्या. वाटेत ते जी शिकार करत त्यावर केट्सबीचं पोट भरे. पावसाची चिन्हं दिसली की झाडांच्या साली सोलून ते आधी एक खोपटं उभं करत आणि त्यात तो साहेब आणि त्याची पेटी दोघांना कोरडं ठेवत. प्रस्तावनेत त्याने त्यांचे याबद्दल आभार मानले आहेत. ते मोकळेपणाने मानलेले आहेत, पण एकाही माणसाचं नाव त्याने लिहून ठेवलेलं नाही.

चित्रं काढण्याची त्याची रीत शिस्तीची होती. झाडाची फांदी तोडल्याबरोबर, ती ताजी असतानाच रंगवायची. पक्षी शक्यतो जिवंत असताना. साप आणि सरडे अन्नपाण्याविना कितीतरी दिवस तग धरतात, म्हणून त्यांची घाई नसे. खरी पंचाईत माशांची. पाण्याबाहेर काढताच त्यांचे रंग उडू लागतात. एकाचे फिके पडले की त्याच जातीचा दुसरा ताजा मासा आणवायचा, तो फिका पडला की तिसरा, असं करत चित्र पुरं व्हायचं. मी चित्रकार म्हणून तयार झालेलो नाही, तेव्हा दूर-जवळच्या मापांत चुका दिसल्या तर सांभाळून घ्या, असंही त्याने वाचकांना सांगून ठेवलं आहे.

चुका आहेतच. पण एक गोष्ट त्याच्या आधी फारशी कुणी केली नव्हती. पक्षी ज्या झाडावर बसतो, ज्याची फळं खातो, त्याच झाडासोबत त्याने तो रंगवला. कॅरोलायनातला हिरव्या अंगाचा, पिवळ्या डोक्याचा पोपट त्याने सायप्रसच्या फांदीवर दाखवला, कारण त्या झाडाचं बी हा पोपट आवडीने खाई. सोबतच्या मजकुरात तो सांगतो की शरद ऋतूत हे पोपट थव्यांनी सफरचंदांच्या बागांवर उतरतात आणि आतल्या बियांसाठी फळांची नासधूस करतात. पुढे आणखी एक वाक्य येतं : या पोपटाची आतडी मांजराने खाल्ली तर ते हमखास आणि झटपट मरतं. गावगप्पांतून उचललेली भाकडकथा वाटावी असंच हे आहे. पण हा पोपट कॉकलबर नावाच्या काटेरी तणाचं विषारी बी मोठ्या आवडीने खात असे, हे पुढे नीट नोंदलं गेलं. तेव्हा त्या मांजरांच्या मालकिणी खरं बोलत असाव्यात.

सर्वांत बहारीचा मजकूर हस्तिदंती चोचीच्या सुतारपक्ष्याचा. काळापांढरा, लाल तुऱ्याचा हा प्रचंड पक्षी एकदोन तासांत झाडाखाली टोपलीभर ढलप्या पाडतो, असं केट्सबी सांगतो. मग तो पक्ष्यावरून बाजाराकडे वळतो. उत्तरेकडच्या थंड मुलखात हा पक्षी सापडत नाही, पण तिथल्या मूलनिवासी सरदारांना आणि नामांकित लढवय्यांना त्याच्या चोचींचा मुकुट हवा असतो. टोकं बाहेर काढून गोलाकार बसवलेल्या शुभ्र चोचींचा मुकुट. त्यामुळे दक्षिणेतून चोची तिकडे जातात, आणि एका चोचीला हरणाची दोन, कधी तीन कातडी मोजली जातात. युरोपीय व्यापाऱ्यांचा ज्यात काही हात नव्हता अशी ही देवघेव. शेकडो मैलांची पेठ होती, तिचा माल ठरलेला होता, भावही ठरलेला होता. केट्सबीने त्याची चौकशी केली म्हणून ती कागदावर आली.

पॅसेंजर पिजन या रानकबुतरांबद्दलही त्याने लिहिलं. हिवाळ्यात उत्तरेकडून ती अशा संख्येने उतरत की रात्री बसायला आली की ओकच्या फांद्या त्यांच्या भाराने मोडून पडत. व्हर्जिनियात सलग तीन दिवस त्यांची रांग आकाशातून जात असलेली त्याने पाहिली होती. या जातीचं शेवटचं पाखरू १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. शेवटचा ज्ञात कॅरोलायना पोपटही त्याच प्राणिसंग्रहालयात, २१ फेब्रुवारी १९१८ रोजी मेला. हस्तिदंती चोचीचा सुतारपक्षी नक्की दिसल्याची सर्वमान्य नोंद १९४४ ची, लुइझियानातली. त्यानंतर तो दिसला असं सांगणारे अधूनमधून निघतात, आणि त्यावरून वाद होत राहतात.

वसाहतीतल्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या चालीरीतीही त्याच्या नजरेतून सुटल्या नाहीत. व्हर्जिनियात घराजवळच्या झऱ्यात बुलफ्रॉग नावाचे दांडगे बेडूक राहत. ते पाणी स्वच्छ ठेवतात अशी लोकांची पक्की समजूत, म्हणून त्यांना कुणी मारत नसे. अंगणात उंच काठ्यांवर भोपळ्याचे पोकळ तुंबे टांगलेले असत. त्यांत जांभळ्या मार्टिन पाकोळ्या घरटी करत आणि कावळ्या-ससाण्यांना पिटाळून कोंबडीच्या पिल्लांची राखण करत. तुंबे टांगण्याची ही युक्ती मूलनिवासी लोकांतही होती. रॅटलस्नेक नुसत्या नजरेने खारीला आणि पाखरांना भारून आपल्या तोंडात ओढतो, असंही सगळे सांगत. इथे केट्सबी सावध होतो. मी स्वतः असं कधी पाहिलेलं नाही, पण सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं सांगणं एकमेकांशी जुळतं, एवढंच लिहून तो थांबतो.

मूलनिवासींवर त्याने वेगळं प्रकरण लिहिलं. त्यातला बराच भाग जॉन लॉसन यांच्या १७०९ च्या पुस्तकावरून घेतलेला आहे, आणि तसं त्याने कबूलही केलं आहे. हे लॉसन १७११ मध्ये टस्करोरा लोकांच्या हातून मारले गेले होते. उसनवारीची ही पानं वाचताना केट्सबी हरवल्यासारखा वाटतो. जिथे तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो तिथे लगेच जिवंत होतो. चिकसॉ लोकांच्या वेताच्या टोपल्यांवर तो असाच रमतो. काळ्या-तांबड्या रंगात रंगवलेल्या पट्ट्या, त्यांतून उठणाऱ्या आकृत्या, आणि वीण इतकी घट्ट की काही टोपल्यांत पाणीसुद्धा राहावं. चांगलं बुरूडकाम ज्याने हाताळलं आहे त्याला हे कौतुक लगेच पटेल. किनाऱ्यावरचे लोक यॉपोन नावाच्या झुडपाची पानं भाजून काढा करतात, वसंतात तो भरपूर पिऊन पोट साफ करतात, आणि हीच पानं आतल्या मुलखातल्या जमातींना विकतात, हेही त्याने टिपलं.

चार्ल्स टाउनजवळ स्टोनो नावाची जागा आहे. तिथे जमिनीतून एका अजस्र प्राण्याचे तीन-चार दात निघाले. अमेरिकेत असले अवशेष याआधीही मिळाले होते. १७०५ मध्ये हडसन नदीच्या काठी असाच एक दात सापडला, तेव्हा बॉस्टनचे विद्वान धर्मोपदेशक कॉटन मॅदर यांनी तो बायबलातल्या, महापुराआधीच्या राक्षसांचा ठरवला आणि लंडनला तसं लिहून पाठवलं. स्टोनोचे दात मात्र आफ्रिकेत जन्मलेल्या गुलामांनी पाहिले. ज्यांनी ज्यांनी पाहिले ते सगळे एकच बोलले : ही हत्तीची दाढ आहे. त्यांनी हत्ती पाहिलेले होते. मॅदर यांनी पाहिलेले नव्हते. केट्सबीने आफ्रिकेतून आलेल्या दाढा इंग्लंडात पाहिल्या होत्या, त्यामुळे त्याला ते पटलं, आणि आपल्या मताच्या आधी त्या लोकांचं मत त्याने ग्रंथात छापलं. ते दात मॅमथचे, म्हणजे हत्तीच्याच कुळातल्या नष्ट झालेल्या प्राण्याचे होते, असं आज मानलं जातं. मॅमथ हा आजच्या हत्तींपासून वेगळा, पण त्यांचाच भाईबंद, हे पॅरिसमध्ये जॉर्ज क्युविए यांनी सप्रमाण मांडलं ते १७९६ मध्ये. उत्तर अमेरिकेत जीवाश्माची पहिली शास्त्रीय ओळख पटवली ती भातखाचरांत राबणाऱ्या गुलामांनी, असं अभ्यासक म्हणतात ते यामुळेच.

त्यांचीही नावं केट्सबीने दिलेली नाहीत. गुलामगिरीबद्दल त्याच्या मनात काही टोचणी होती असंही दिसत नाही. कामाला हाताशी एक निग्रो मुलगा विकत घेण्याचा विषय त्याच्या पत्रांत येतो, तो रंग किंवा कागद विकत घेण्याचा यावा तितक्याच सहजपणे. सप्टेंबर १७३९ मध्ये याच स्टोनो नदीच्या काठी गुलामांनी मोठा उठाव केला. केट्सबी तेव्हा लंडनमध्ये आपल्या ग्रंथाचा दुसरा खंड तयार करत होता.

१७२५ मध्ये तो बहामा बेटांवर गेला. मासे, खेकडे, कासवं यांचा तिथे खजिनाच होता. सप्टेंबरातल्या एका मुक्कामात अँड्रॉस बेटाजवळ गलबताच्या डेकवर पडल्या पडल्या त्याला सलग तीन रात्री डोक्यावरून पक्ष्यांचे थवे जात असल्याचे आवाज आले. आवाज ओळखीचे होते. कॅरोलायनात भात पिकताना झुंडीने येणारे हे 'राइस बर्ड', म्हणजेच बोबोलिंक. त्या काळी युरोपात पाकोळ्या हिवाळ्यात तळ्याच्या तळाशी चिखलात झोपतात असं मानणारे शहाणे लोक पुष्कळ होते. रात्रीच्या अंधारात समुद्रावरून उडणारे पक्षी ऐकलेल्या केट्सबीला ते पटणं शक्य नव्हतं. १७४७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात त्याने पक्षी दूरदेशी स्थलांतर करतात अशी बाजू घेतली. गंमत अशी की बोबोलिंकच्या प्रवासाची दिशा मात्र त्याने उलटी लावली. क्यूबात भात आधी पिकतो, तो खाऊन ते कॅरोलायनाकडे निघाले असणार, असा त्याचा हिशेब. प्रत्यक्षात सप्टेंबरात ते दक्षिण अमेरिकेच्या वाटेवर असतात. त्या रात्री डेकवर विचारायला कुणी जाणता माणूस नव्हता.

१७२६ मध्ये तो लंडनला परतला, तेव्हा हातात चित्रं होती, पैसे नव्हते. पॅरिस किंवा ॲम्स्टरडॅमच्या नामांकित कोरक्यांकडून ताम्रपट करून घेणं परवडणारं नव्हतं. मग त्रेचाळीस वर्षांचा हा माणूस जोसेफ गुपी या चित्रकाराकडे ताम्रपट कोरायला शिकला. होक्स्टनच्या टॉमस फेअरचाइल्ड यांच्या रोपवाटिकेत काम करून पोट भरायचं आणि उरलेल्या वेळात तांबं कोरायचं. पीटर कॉलिन्सन या कापडव्यापारी मित्राने बिनव्याजी कर्ज दिलं. १७२९ मध्ये वीस चित्रांचा पहिला भाग निघाला, किंमत दोन गिनी. मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच असा शेजारी शेजारी. पहिल्याच पानावर पांढऱ्या डोक्याचा गरुड, ऑस्प्रे या मासेखाऊ शिकारी पक्ष्याने पकडलेला मासा हिसकावून घेणारा. पुढे तोच अमेरिकेचं राष्ट्रीय प्रतीक झाला. १७४७ मध्ये पुरवणी छापून ग्रंथ संपला तेव्हा चित्रांची संख्या २२० झाली होती. सगळा संच बावीस गिनींना पडे, म्हणजे तो खानदानी ग्रंथालयांतच जाणार हे उघड होतं.

काही चित्रं पाहून हसू येतं. फ्लेमिंगोच्या मागे समुद्रतळाचं पोवळं एखाद्या निष्पर्ण झाडासारखं उभं आहे. गव्यासारखा बायसन एका वाकड्या फांदीला अंग घासतो आहे, आणि फांदीवरची फुलं त्याच्या डोक्याएवढी आहेत. पण स्वीडनमध्ये बसून जगभरच्या जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने अमेरिकेत कधी पाऊल ठेवलं नाही. तिथल्या कितीतरी पक्ष्यांना त्याने नावं दिली ती केट्सबीची पानं समोर ठेवून.

केट्सबी २३ डिसेंबर १७४९ रोजी लंडनमध्ये वारला. त्याची मूळ जलरंगातली चित्रं १७६८ मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजाने १२० पौंडांना विकत घेतली. आठ वर्षांनी त्या चित्रांतला मुलूख राजाच्या हातून निसटायला लागला, चित्रं मात्र अजून विंडसरच्या राजसंग्रहात आहेत. १८०२ मध्ये जॉर्ज शॉ या प्राणिशास्त्रज्ञाने व्हर्जिनियाच्या झऱ्यांतल्या त्या बुलफ्रॉगला शास्त्रीय नाव देताना केट्सबीचं नाव त्यात गुंफलं. हा बेडूक पुढे खाण्यासाठी म्हणून माणसांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, युरोपात, दक्षिण अमेरिकेत आणि चीन-जपानपर्यंत नेला. तिथे तो पाळणाऱ्यांच्या हातून निसटला आणि स्थानिक बेडूक, मासे, पाखरांची पिल्लं, जे तोंडात मावेल ते गिळत सुटला. जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे.